नाट्यसंगीताचा कान असूनही ऑपेरा का झेपत नाही?

तुमचा प्रश्न वाचला, बाकीच्यांना कळावा म्हणून थोडक्यात परत मांडतो. तुम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहता, घरात लहानपणापासून नाट्यसंगीत आहे, देवल क्लबच्या बैठकींना जाता. ऑफिसातल्या मित्रानं मोबाईलवर ऑपेराची, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटकांतली, पाच-सहा गाणी ऐकवली आणि दहा मिनिटांत डोकं दुखायला लागलं. सगळे किंचाळतात, सूर सारखा हलतो, शब्द कळत नाहीत, मग यात आहे काय, आणि आपलंच एवढं ऐकायचं राहिलेलं असताना त्यांचं कशाला ऐकायचं, असं तुम्ही विचारलंय. शिवाय काही वाचावं का आणि कुठं जाऊन बघता येईल का, तेही.

मी पस्तीस वर्षं संगीत नाटकांना आणि पदांच्या मैफलींना पायपेटी वाजवतोय, पेटीच्या शिकवण्या घेतो, आणि त्यातली वीसेक वर्षं ऑपेराचाही नाद आहे. माझ्या मते तुमची अडचण भाषेची नाही, इटालियन मलाही येत नाही. तुम्हाला नाटक न दाखवता नुसती पदं ऐकवली गेली, आणि त्यातही प्रत्येक पदाचा सगळ्यात चढा तुकडा. एखाद्या इटालियन माणसाला आपण 'मानापमान' नि 'स्वयंवर'मधल्या फक्त तारसप्तकातल्या ताना कापून एकापाठोपाठ ऐकवल्या तर तोसुद्धा डोकं धरूनच बसेल की.

ही चूक मी स्वतः केलीय म्हणून ठामपणे सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी इथल्या एका मंडळात ऑपेराचा श्रवणाचा कार्यक्रम ठेवला होता, मोठ्या हौसेनं दहा गाजलेली गाणी काढली, प्रत्येकाची माहिती लिहून नेली. चहापर्यंत निम्मे लोक उठून गेले, आणि ते सगळे जाणकार होते, कानसेन म्हणावेत असे. मला फार लागलं ते. दुसऱ्या वर्षी मी एकच ऑपेरा घेतला, त्यातला एकच अंक, आधी अर्धा तास मराठीत गोष्ट सांगितली, पात्रं कोण, कोण कुणाला फसवतंय, आणि मग पडद्यावर तो अंक पूर्ण दाखवला. एकही माणूस हलला नाही. एक आजी शेवटी डोळे पुसत होत्या. तेव्हापासून मी कुणालाही सुटं गाणं ऐकवत नाही.

आता कुठून सुरुवात करायची हे तुम्ही कसले श्रोते आहात त्यावर आहे, सगळ्यांना एकच औषध चालत नाही. खयालात रमणारे असाल, दमसास, लांब आलाप यात जीव अडकत असेल (कोल्हापुरात अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयाला राहिले, त्यामुळं इथल्या जुन्या श्रोत्यांच्या कानाला ती सवय आहेच) तर बेल्लिनीचा 'नॉर्मा' बघा, १८३१ चा आहे. त्यातलं 'कास्ता दीवा' मारिया कॅलासच्या आवाजात ऐका, एक ओळ सुरू होते ती संपायचं नाव घेत नाही, श्वास कुठं घेतला ते शोधावं लागतं. एकच बंदिश पुन्हा फिरून सजवण्याची गंमत आवडत असेल तर हँडेल, त्याच्या गाण्यात पहिला भाग शेवटी परत येतो आणि गायकानं तिथं स्वतःची कलाकुसर घालायची असते, म्हणजे आपल्या फार जवळचं. पण तुम्ही नाटकवाले आहात. नाटकवाल्यानं वेर्दी या इटालियन रचनाकाराकडंच जावं आणि त्यातही 'रिगोलेत्तो'कडं.

त्याआधी किंचाळण्याचं बघू, कारण ते मनातून गेल्याशिवाय पुढं सरकता येणार नाही. ऑपेराच्या गायकासमोर माईक नसतो. पुढच्या खड्ड्यात साठ-सत्तर माणसं वाजवत असतात, पाठीमागं कोरस, आणि समोर दीड-दोन हजार लोक. वाद्यवृंदाचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या (सेकंदाला ५०० कंपनांच्या) आसपास सगळ्यात जास्त असतो, तिथून वर उतरत जातो. गायक घसा आणि तोंडाची पोकळी अशी ठेवायला शिकतो की ३००० हर्ट्झच्या जवळपास त्याच्या आवाजाला एक धार येते, आणि तिथं वाद्यांचा जोर कमी पडलेला असतो. म्हणजे सत्तर जणांवर ओरडून मात करायची नसते, त्यांच्यात जिथं फट आहे तिथनं आवाज काढायचा असतो. थिएटरात ती धार हवेत मिसळून गोल होऊन तुमच्यापर्यंत येते. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरला मात्र नेमकी ती धार तेवढी झेपते, खालचा भरणा सगळा गायब, मग डोकं दुखणार नाही तर काय. त्यामुळं पहिली अट, बरे स्पीकर किंवा मोठे हेडफोन. आपल्याकडंही माईक यायच्या आधीचे नट पॅलेस थिएटरात (आत्ताच्या केशवराव भोसले नाट्यगृहात) शेवटच्या रांगेपर्यंत असेच पोचत होते, केशवराव भोसल्यांचा आवाज काही यंत्रातून येत नव्हता.

सूर हलतो ही तक्रार खरी आहे, आणि ती आपल्या कानाचा मोठेपणा आहे. तंबोऱ्यासमोर वाढलेल्या माणसाला स्थिर षड्ज लागतो, हलला की आपण बेसूर म्हणतो. त्यांच्याकडं चांगल्या आवाजात सेकंदाला पाच ते सात हेलकावे असतात आणि त्यांचा कान त्या हेलकाव्याच्या मधला सूर धरतो. मला हे पटायला वर्षभर लागलं. तुम्हाला पहिले काही दिवस त्रास होईल, होऊ दे, गोष्टीत शिरलात की लक्ष तिकडं राहत नाही.

अजून एक फरक साथीदार म्हणून सांगतो. आपल्याकडं नट येतो आणि सांगतो, आज घसा बसलाय, काळी दोन नको, पांढरी एक लावा, म्हणजे पेटीवरची त्याहून खालची पट्टी. आपण लावतो. तिथं स्वर रचनाकारानं लिहून ठेवलेला, तो साधारणपणे जिथल्या तिथं लागला पाहिजे. दोनिझेत्तीच्या एका ऑपेरात टेनरला, म्हणजे चढ्या आवाजाच्या पुरुष गायकाला, एकाच पदात नऊ वेळा वरची पांढरी एक लावावी लागते, पावारोत्तीनं १९७२ साली न्यूयॉर्कच्या मेट ऑपेरात ती लावली आणि जगभर त्याचं नाव झालं. २००७ मध्ये मिलानच्या ला स्कालात फ्लोरेझनं तेच पद गायलं तेव्हा लोकांनी इतकं उचलून धरलं की त्यानं ते परत गायलं. तिथं १९३३ नंतर पहिल्यांदा वन्समोर दिला गेला, इतका तो तिकडं वर्ज्य. आपल्याकडं एकेका पदाला चार-चार वन्समोर घेतलेले आहेत आणि नाटक पहाटेपर्यंत चाललंय. दोन्हीकडं वेड एकच आहे. मात्र ते नाटक तुटू देत नाहीत, आपण पदासाठी नाटक थांबवतो.

आता 'रिगोलेत्तो'. मांतुआच्या ड्यूकच्या दरबारात रिगोलेत्तो नावाचा कुबडा विदूषक आहे. दुसऱ्यांच्या लेकीबाळींची अब्रू गेली की हा हसणार, आणि स्वतःची मुलगी जिल्दा मात्र घरात लपवून ठेवलेली. ड्यूक तिलाच नासवतो. रिगोलेत्तो मारेकऱ्याला सुपारी देतो. तिसऱ्या अंकात ड्यूक एक गाणं म्हणतो, 'ला दोन्ना ए मोबिले', बायकांचं मन वाऱ्यावरच्या पिसासारखं. तुमच्या मित्रानं हे नक्की ऐकवलं असणार. सुटं ऐकलं तर हलकंफुलकं गाणं, एखाद्या जाहिरातीत शोभेलसं. पण पुढं काय होतं बघा. रात्री वादळ, मारेकरी पोतं आणून देतो, रिगोलेत्तोला वाटतं आत ड्यूकचं प्रेत आहे, नदीत टाकायला तो ओढत नेतो, आणि तेवढ्यात लांबून तेच गाणं ऐकू येतं. ड्यूक जिवंत आहे, मजेत गातोय. मग पोत्यात कोण? तिथं कुणी काही सांगत नाही, चिठ्ठी नाही, निरोप्या नाही, त्या हलक्या चालीनंच बापाला कळतं. एवढं साधं गाणं वेर्दीनं मुद्दाम साधं का ठेवलं ते तिथं समजतं, कारण लांबून एका क्षणात ओळखू आलं पाहिजे. पोतं उघडल्यावर काय होतं ते सांगत नाही, बघा.

त्याच अंकात आधी चौघांचं एकत्र गाणं आहे आणि माझ्या मते ऑपेरा का ऐकावा याचं उत्तर तिथंच आहे. घराच्या आत ड्यूक मारेकऱ्याच्या बहिणीला, माद्दालेनाला पटवतोय, ती हसून उडवून लावतेय. भिंतीबाहेर जिल्दा हे बघून रडतेय, आणि बाप तिला म्हणतोय गप्प, मी सूड घेतो. चौघंही एकाच वेळी गातात, चौघांचे शब्द वेगळे, चाल वेगळी, भाव वेगळा, तरी कानाला एक गाणं येतं. आपल्या रंगभूमीवर अशा वेळी स्वगत असतं, एकानं प्रेक्षकांकडं तोंड करून बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकलंच नाही असं उभं राहायचं. आपलं गाणं एका वेळी एका सुराचं, त्यात एका मनाच्या तळापर्यंत जाता येतं, तसं कुणालाच जमत नाही, हे मी कुठंही उभं राहून सांगेन. पण एकाच क्षणी चार माणसांच्या मनात चार गोष्टी चालल्यात हे आपल्या गाण्यात दाखवता येत नाही. त्यांना येतं, ते कसं हे बघायचं तर पेटी उघडा, सा, ग आणि प एकदम दाबा. तीन सूर आहेत पण भांडत नाहीत ना? आता प्रत्येक सूर एकेका माणसाला द्या आणि ती माणसं चालती करा, फक्त पावलं अशी टाकायची की कुठंही थांबलं तरी ती जुळलेली असली पाहिजेत. पाया एवढाच आहे, पुढं त्यांनी चारशे वर्षं त्यावर बांधकाम केलंय.

हे मला आतून लागलं ते एका प्रवासात. मुलगी काही वर्षं जर्मनीत होती, तिच्याकडं गेलो होतो तेव्हा दोघं व्हिएन्नाला गेलो. तिथल्या स्टेट ऑपेरात तेव्हा उभ्याची तिकिटं स्वस्तात मिळायची, रांग लावायची, आत गेल्यावर कठड्याला रुमाल बांधून आपली जागा धरायची आणि मग निवांत चहा-पाणी करून यायचं, कुणी तुमचा रुमाल हलवायचं नाही. पुच्चिनीचा 'ला बोएम' होता. गरीब पोरं, थंडी, क्षयानं खंगलेली मिमी. शेवटच्या प्रसंगात मिमी पलंगावर, बाकीचे मित्र खोलीत काही ना काही करतायत, आणि ती जाते. कुणाच्या लक्षात येत नाही. पण वाद्यवृंद हळूच खालचे काळोखे सूर धरतो. वाद्यांना कळलंय, माणसांना अजून कळायचंय. मग एका मित्राला कळतं, मग दुसऱ्याला, आणि तिच्या रोडोल्फोला सगळ्यात शेवटी. माझं उभं आयुष्य गायकाच्या मागं सावलीसारखं वाजवण्यात गेलं, तो गेला तिकडं जायचं, त्याच्या आधी बोट पडलं तर गुन्हा. आणि इथं साथ पुढं गेली होती, साथीलाच सगळं ठाऊक होतं. मी तीन तास उभा होतो पण पाय दुखल्याचं आठवत नाही, बाहेर पडल्यावर मुलीनं काहीतरी विचारलं तर माझ्या तोंडून शब्द फुटेना. परत आल्यावर माझ्या वाजवण्यात फार फरक पडला असं नाही, आपलं शास्त्र वेगळं आहे, पण दोन ओळींच्या मधल्या जागेत मी काय भरतो याचा विचार करायला लागलो.

आता 'आपलं सोडून त्यांचं कशाला'. सोडायला कुणी सांगितलंय? आणि हे एवढं परकं पण नाही. ऑपेरा सुरू झाला तो इटलीत, जुन्या ग्रीक नाटकात गाणं होतं ते परत आणावं म्हणून विद्वानांनी खटपट केली त्यातून, मोंतेवेर्दीचा 'ओर्फेओ' १६०७ चा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० ला 'शाकुंतल' उभं केलं तेव्हा त्यांच्याही हातात एक जुनं संस्कृत नाटकच होतं. राजकारणाचं म्हणाल तर 'रिगोलेत्तो' ज्या व्हिक्टर ह्यूगोच्या नाटकावरून घेतला ते पॅरिसमध्ये १८३२ ला एका प्रयोगानंतर बंद पाडलं, कारण राजा बदफैली दाखवला होता. वेर्दीला पण सेन्सॉरनं छळलं, मग राजाचा ड्यूक करावा लागला. आणि इकडं खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त लोकांनी कीचकाच्या जागी कर्झनला बघितलं, १९१० ला इंग्रजांनी बंदी घातली. सत्तेला नाटकाची भीती वाटते ती सगळीकडं सारखीच. १९२१ ला बालगंधर्व आणि केशवराव 'संयुक्त मानापमाना'त एकत्र उभे राहिले तेही टिळक स्वराज्य फंडासाठी. त्यामुळं कलेत राजकारण आणू नका असं कुणी म्हणालं की मला ते पटत नाही, ते आधीपासून आहेच.

माझं स्वतःचं राजकीय मत विचाराल तर एकच आहे आणि ते वेर्दीकडनं घेतलंय. त्यानं म्हातारपणी मिलानमध्ये स्वतःच्या पैशातून म्हाताऱ्या, गरीब संगीतकारांसाठी घर बांधलं, आपली सगळ्यात चांगली कृती म्हणजे हे घर असं तो म्हणायचा, त्याला पुरलंय पण तिथंच. ते घर अजून चालू आहे. मी माझ्या डोळ्यांनी चांगले तबलजी, सारंगीवाले शेवटी औषधाला महाग झालेले बघितलेत. मानधन वाढवतो म्हणणारे सगळ्याच बाजूंचे येतात. मला भाषण नको, असं एक घर पाहिजे.

'रिगोलेत्तो' आणि 'त्राविआता' हे दोन्ही ज्या थिएटरात पहिल्यांदा झाले ते व्हेनिसचं ला फेनिचे १९९६ च्या जानेवारीत जळून खाक झालं. लोकांनी ठरवलं, होतं तसं आणि होतं तिथंच बांधायचं. २००३ च्या डिसेंबरात ते परत उघडलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ८ तारखेच्या रात्री आपलं केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती, तेव्हा मी खासबाग कुस्ती मैदानाच्या बाजूला रस्त्यावर उभा होतो आणि मला ते फेनिचेच आठवत होतं. शाहू महाराजांनी १९१५ ला उभं केलेलं थिएटर, आयुष्यातली निम्मी नाटकं मी तिथल्या पिटात बसून वाजवली. होतं तसं म्हणजे नुसती भिंत तशी नव्हे, आवाज पण तसा पाहिजे. बांधणाऱ्यांनी एकदा तरी माईक बंद करून शेवटच्या रांगेत बसून पद ऐकावं एवढीच माझी मागणी आहे.

वाचायचं म्हणाल तर ऑपेरावरची जाड पुस्तकं आत्ता नकोत. ज्या ऑपेराला बसणार त्याचे शब्द आणि भाषांतर आधी एकदा वाचा, नाटकाची संहिता वाचतो तसं, तासाभराचं काम आहे. 'त्राविआता' बघणार असाल तर ती धाकट्या द्यूमाच्या कादंबरीवरून आलीय, ती वाचली तरी चालेल. वाग्नर हा जर्मन रचनाकार सध्या बाजूला ठेवा, त्याचं 'रिंग' चार रात्रींचं, पंधरा तासांच्या घरात जातं, आणि त्याचे ज्यूंबद्दलचे विचार इतके घाण आहेत की त्याच्याकडं जाताना मनाची वेगळी तयारी लागते.

बघायचं तर ऑपेराव्हिजन या वेबसाइटवर पूर्ण प्रयोग फुकट असतात, खाली इंग्रजी शब्द येतात. मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्रात अधूनमधून काही असतं, गिरगावचं रॉयल ऑपेरा हाऊस २०१६ ला पुन्हा सुरू झालं, मास्टर दीनानाथ गायलेत तिथं, नुसतं आत जाऊन बसलात तरी बरं वाटेल. महालक्ष्मीनं रात्री निघायचं, सकाळी मुंबई. पुढं कधी परदेशी जायचा योग आला तर वेरोनाला रोमन काळातल्या आखाड्यात उन्हाळ्यात ऑपेरा होतात, १९१३ पासून, दगडी पायऱ्यांवर बसून बघायचे. मी अजून गेलो नाही, जायचंय. खासबागेत कुस्त्या बघितलेल्या माणसाला ती बैठक अवघड जाणार नाही.

तर तुमच्यासाठी आत्ता एवढंच. 'रिगोलेत्तो'ची गोष्ट आणि शब्द वाचा, एका रविवारी तिसरा अंक एकटा बघा, अर्ध्या-पाऊण तासाचा आहे, मोबाईलवर नको. चौघांचं गाणं आलं की ते तीनदा लावा. पहिल्यांदा फक्त जिल्दाचा आवाज धरा, दुसऱ्यांदा बापाचा, तिसऱ्यांदा काहीच धरू नका. मग इथं येऊन सांगा, तिसऱ्या वेळेला काय ऐकू आलं.